साबणातलं संत्रं कुठे जातं?

घरी साबण करू लागलेल्या जवळपास प्रत्येकाच्या वाट्याला हे येतं. साच्यात मिश्रण ओतताना संत्र्याचा असा घमघमाट सुटतो की आतल्या खोलीतलं माणूस "काय सोलताय?" म्हणून डोकावून जातं. दुसऱ्या दिवशी वड्या कापताना वास जरा मवाळ झालेला असतो. मग वड्या कपाटात सुकायला जातात. सहा आठवड्यांनी मोठ्या हौसेने एक बाहेर काढून नाकाशी धरावी, तर साबणाचा वास येतो. नुसत्या साबणाचा.

पुढच्या खेपेला माणूस संत्र्याचं वासाचं तेल दुप्पट घालतो. तरी तेच. तिसऱ्या खेपेला महागातलं तेल आणतो. तरी तेच. मग एक तर तेल भेसळीचं होतं असं ठरतं, नाही तर आपल्या हातालाच यश नाही असं. बहुतेक वेळा दोन्ही खोटं असतं. संत्रं, लिंबू, ग्रेपफ्रूट या घराण्याचा वास मुळातच पळपुटा आहे आणि साबण ही त्याला राहायला अगदीच गैरसोयीची जागा आहे. तेल वाढवून हे बदलत नाही. मिश्रण कशाकशाचं बांधायचं, याचा विचार मात्र उपयोगी पडतो.

बाटलीत नेमकं काय असतं

संत्र्याची साल पेटत्या मेणबत्तीजवळ धरा आणि बाहेरची बाजू ज्योतीकडे करून दुमडा. सालीतून बारीक फवारा उडतो आणि ज्योतीत तडतड ठिणग्या फुटतात. तो फवारा म्हणजेच संत्र्याचं इसेन्शिअल ऑइल. वनस्पतीच्या एखाद्या भागात साठलेलं, हवेत उडून जाणारं वासाचं तेल, एवढाच त्या शब्दाचा अर्थ. आपण ज्यापासून साबण करतो त्या खोबरेल किंवा एरंडेलाशी त्याचं काही नातं नाही. ते तेलकट दिसतं इतकंच. कागदावर खोबरेलाचा थेंब टाकला तर डाग कायमचा बसतो. संत्र्याच्या तेलाचा थेंब टाकला तर थोड्या वेळाने कागदावर जवळजवळ काही उरत नाही. आपल्या सगळ्या दुखण्याचं मूळ त्या रिकाम्या कागदात आहे.

या तेलात सर्वात जास्त असतं ते लिमोनीन नावाचं रसायन. गोड संत्र्याच्या तेलात ते 90 टक्क्यांच्या वर असतं, ग्रेपफ्रूटमध्येही साधारण तेवढंच. लिंबाच्या तेलात मात्र ते दोन तृतीयांशाच्या आसपास येतं.

शाळेच्या पुस्तकापासून गप्पांपर्यंत एक गोष्ट फार फिरते: लिमोनीनची एकमेकांची आरशातली प्रतिमा असलेली दोन रूपं आहेत, त्यांतलं एक संत्र्यात असतं आणि दुसरं लिंबात, म्हणून दोघांचे वास वेगळे. ऐकायला छान आहे, पण खरं नाही. दोन्ही फळांच्या सालीत मुख्यतः एकच रूप असतं. लिंबाला लिंबू करतं ते सिट्राल नावाचं दुसरं रसायन, आणि तेही तेलात जेमतेम दोन-तीन टक्के. ग्रेपफ्रूटचा तो कडसर, किंचित गंधकी वास तर आणखी क्षुल्लक मात्रेतल्या घटकांचा असतो. त्यांतला एक इतका तीव्र आहे की माणसाच्या नाकाला कळणाऱ्या सर्वात कमी मात्रांमध्ये त्याची गणना होते. म्हणजे बाटलीत ढीगभर लिमोनीन असतं, पण फळाची ओळख चिमूटभर घटकांवर असते. हे लक्षात ठेवा, पुढे कामाला येईल.

या घराण्यातला एक जण जरा वेगळा आहे, तो म्हणजे बर्गमॉट. त्याच्यात लिमोनीन एक तृतीयांशाच्या आसपास आणि जवळपास तितकंच लिनालिल ॲसिटेट, जे लॅव्हेंडरमध्येही भरपूर असतं. म्हणून बर्गमॉट हुंगताना लिंबू आणि फूल दोन्ही एकदम जाणवतात.

शाळा सुटल्याची घंटा

वासाचे रेणू जड-हलके असतात. घंटा झाली की दाराजवळच्या बाकावरची पोरं सर्वात आधी बाहेर पळतात, मधल्या रांगांतली थोड्या वेळाने निघतात आणि शेवटच्या बाकावर कुणीतरी निवांत दप्तर भरत बसलेलं असतं. अत्तरवाले याच क्रमाला वरचे, मधले आणि तळाचे वास म्हणतात. लिमोनीन दाराजवळचं पोर आहे. गवती चहा, जिरेनियम, लॅव्हेंडर मधल्या बाकांवर. पॅचौली, वाळा, सीडरवुड शेवटच्या.

"पण लिमोनीन तर 176 अंश सेल्सिअसला उकळतं, पाण्याहून कितीतरी वर. मग ते उडेल कसं?" असं एकाने मला विचारलं होतं. प्रश्न चांगला आहे. दोरीवरचे कपडे वाळायला पाणी उकळावं लागतं का? उकळणं वेगळं, उडणं वेगळं. साबणाची वडी सहा आठवडे हवेवर उघडी असते. त्या काळात तिच्यातलं पाणी कमी होतं आणि जोडीला लिमोनीनही निघून जातं. त्यात साचा गुंडाळून उबेत ठेवला तर मिश्रण आतून 70 अंशांच्या पुढे तापतं आणि पळणाऱ्याला दार आणखी सताड उघडून मिळतं. लिंबूवर्गीय साबण करताना मी म्हणूनच साचा गुंडाळत नाही. लाय, म्हणजे कॉस्टिक सोड्याचं पाणी, आणि तेलं दोन्ही कोमट होऊ देते आणि ओतल्यावर साचा थेट फ्रिजमध्ये ठेवते.

आणि वर कॉस्टिक सोडा

साबण तयार होतो तो तेल आणि कॉस्टिक सोड्याच्या पाण्याची, म्हणजे लायची, गाठ पडल्यावर. पहिल्या एक-दोन दिवसांत मिश्रण प्रचंड क्षारधर्मी असतं, आणि तयार साबणही 9-10 सामूच्या आसपास राहतो. या तिखट वातावरणात आपल्या तीन पाहुण्यांचं तीन तऱ्हांनी होतं.

लिमोनीनला लाय काही करत नाही. ते नुसतं उडतं.

बर्गमॉटमधलं लिनालिल ॲसिटेट लायमध्ये तुटतं, पण तुटून लिनालूल तयार होतं, आणि त्यालाही स्वतःचा सुरेख फुलासारखा वास आहे. म्हणजे नुकसान होतं, पण पूर्ण नाही: फळाचा अंश जातो, फूल राहतं. बर्गमॉटचा साबण महिन्याभराने लॅव्हेंडरकडे झुकलेला वाटतो तो यामुळे. मला तो तसा आवडतो, पण ज्याला बाटलीतला हुबेहूब बर्गमॉट हवा आहे त्याची निराशा ठरलेली.

सिट्रालही लायमध्ये काही प्रमाणात मोडतं. लिंबाच्या तेलात ते आधीच दोन-तीन टक्के, त्यातलं काही मोडलं, बाकीचं लिमोनीन उडालं, मग उरणार काय? साबणात नुसतं लिंबाचं तेल घालणं म्हणूनच मला सर्वात तोट्याचं वाटतं.

उसना लिंबू

आता मघाशी लक्षात ठेवायला सांगितलेली गोष्ट. लिंबाची ओळख सिट्रालवर आहे आणि लिंबात ते चिमूटभर आहे. पण गवती चहाच्या तेलात सिट्राल 70 टक्क्यांच्या वर असतं. लिट्सिया क्युबेबा नावाच्या झाडाच्या छोट्या फळांपासून काढलेल्या तेलातही साधारण तेवढंच; हे तेल मे चांग या नावानेही मिळतं. ही दोन्ही लिंबाच्या कुळातली नाहीत. पण लिंबाचं जे नाक ओळखतं ते यांच्याकडे पोत्याने आहे. शिवाय सिट्राल लिमोनीनपेक्षा जड असतं, त्याला उकळायला सुमारे 229 अंश लागतात. लायने त्यातलं थोडं खाल्लं तरी उरलेलं नाकाला पुरून उरतं.

दोघांत फरक आहे. गवती चहाला हिरवा, गवताळ दर्प असतो आणि मात्रा चुकली की साबण लादी पुसायच्या द्रवासारखा वाटू लागतो. लिट्सिया गोडसर आणि स्वच्छ असतो. मला विचाराल तर सुरुवात लिट्सियाने करावी.

तिसरा उसना गडी घराण्यातलाच, पण झाडाच्या दुसऱ्या अंगाचा. कडू संत्र्याच्या फळाच्या सालीपासून एक तेल निघतं, त्याच झाडाच्या फुलांपासून नेरोली, आणि पानं-डहाळ्यांपासून पेटिटग्रेन. पेटिटग्रेनमध्ये जवळपास निम्मं लिनालिल ॲसिटेट असतं, म्हणजे त्याचं होतं ते बर्गमॉटसारखंच. संत्र्याच्या गोडीला ते पानाचा तुरटपणा देतं. त्याशिवाय संत्र्याचा साबण गोळ्या-चॉकलेटच्या डब्यासारखा वाटतो.

पटीचं तेल

संत्र्याचं तेल 'पाच पट', 'दहा पट' असंही मिळतं. कमी दाबाखाली ऊर्ध्वपातन करून त्यातलं बरंचसं लिमोनीन काढून टाकलेलं असतं. दहा किलो तेलाचं अंदाजे एक किलो उरलं की ते दहा पट झालं. दाराजवळची पोरं आधीच बाहेर काढलेला वर्ग म्हणा. मागे राहिलेल्या जड घटकांत संत्र्याची ओळख जास्त दाटपणे असते, त्यामुळे साबणात ते साध्या तेलापेक्षा बरंच जास्त टिकतं. रंगाला ते गडद असतं आणि पांढऱ्या साबणाला पिवळट-केशरी छटा देतं. पांढरीशुभ्र वडी हवी असेल तर हे आधी ठरवा. साधं संत्र्याचं तेल स्वस्त पडतं म्हणून घेणारे लोक तेच तीनदा घेऊन शेवटी दहा पटीवर येतात. मीही आले.

तळाशी कोण बसणार

पॅचौली, सीडरवुड, वाळा, ऊद ही मंडळी हलक्या वासांना 'धरून ठेवतात' असं म्हणतात. हे शब्दशः घेऊ नका. शेवटच्या बाकावरचं पोर दाराजवळच्याचा सदरा ओढून त्याला थांबवू शकत नाही, फार तर थोडा उशीर करू शकतं. खरा उपयोग वेगळा. हलकं तेल उडून गेल्यावर तिथे पोकळी राहिली तर नाकाला नुसता साबण लागतो. त्याऐवजी लाकडाचा किंवा डिंकाचा मंद वास खाली असला, तर त्यावर उरलेला थोडासा सिट्राल किंवा संत्र्याचा जड अंशही ओळखू येतो. तंबोरा चालू असला की गाणाऱ्याचा हलका स्वरही उठून दिसतो, तसं.

पण तंबोऱ्याने मैफल खाऊ नये. पॅचौली हे फार बोलकं तेल आहे. शंभरात सात-आठ भाग झाले की मातीच दिसते. सीडरवुड सोशिक आहे, शंभरात पंधरा-वीस भागांपर्यंत निमूट बसतं.

पांढरी केओलिन माती घातली की ती वास शोषून धरते असंही सांगतात. मी घालते, वडी हाताला रेशमी लागते म्हणून. वासासाठी तिच्यावर विसंबू नये.

प्रत्यक्ष बांधणी

एक किलो साबणतेलांच्या घाण्याला साधारण 30 ग्रॅम वासाचं तेल, म्हणजे तेलांच्या वजनाच्या 3 टक्के, ही बहुतेक घरगुती साबणवाल्यांची वरची मर्यादा असते. तेवढ्यात बसवलेली माझी नेहमीची दोन मिश्रणं अशी. पहिलं उजळ: दहा पट संत्रं 15 ग्रॅम, लिट्सिया 6, सीडरवुड 5, पेटिटग्रेन 4. दुसरं फुलाकडे झुकणारं: बर्गमॉट 12, लॅव्हेंडर 8, पेटिटग्रेन 5, ग्रेपफ्रूट 3, पॅचौली 2. दुसऱ्यातलं ग्रेपफ्रूट महिन्याभरात जवळपास नाहीसं होतं हे ठाऊक असूनही मी घालते. साबण करताना मजा येते, एवढंच कारण.

थेंब मोजू नका, वजन करा. प्रत्येक बाटलीचं तोंड वेगळं, प्रत्येक तेलाचा थेंब वेगळा. वजन काचेच्या किंवा स्टीलच्या भांड्यात करा. एकदा घाईत मी थर्माकोलचा कप काट्यावर ठेवला आणि त्यात संत्र्याचं तेल ओतलं. आकडा बघून मान वर करेपर्यंत कपाचा तळ बुळबुळीत होऊन खाली बसला होता आणि तेल काट्याच्या बटणांत शिरलं होतं. लिमोनीन थर्माकोलला साखरेसारखं विरघळवतं. काटा महिनाभर संत्र्याचा वास देत होता. त्या खेपेच्या साबणापेक्षा जास्त टिकला.

घाण्यात घालण्याआधी मिश्रण कागदाच्या पट्टीवर तपासा. एका भागाला एक थेंब धरून पट्टीवर टाका, लगेच हुंगा, तासाने हुंगा, दुसऱ्या दिवशी हुंगा. दुसऱ्या दिवशी पट्टीवर जे उरलं असेल ते साबणात उरण्याची आशा ठेवता येते. पहिल्या मिनिटाला आलेल्या वासावर निर्णय घेतला की फसगत होते, आणि दुकानात बाटलीचं झाकण उघडून आपण नेमकं तेच करतो.

तेल घालायची वेळ म्हणजे मिश्रण दाट होऊन वर ओढलेली रेघ क्षणभर दिसू लागते तेव्हा. याला ट्रेस म्हणतात. लिंबूवर्गीय तेलं सहसा मिश्रण भराभर घट्ट करत नाहीत. लवंग मात्र करते. संत्रं आणि लवंग हे नाकाला फार गोड जोडपं आहे, पण लवंग जास्त झाली तर मिश्रण भांड्यातच दगड होतं.

लायचं काम करताना डोळ्यांवर चष्मा आणि हातात मोजे हवेतच, आणि सोडा पाण्यात घालायचा, पाणी सोड्यावर कधीही ओतायचं नाही.

"फ्लॅश पॉइंट कमी आहे, म्हणून जळून जातं ना?"

नाही. फ्लॅश पॉइंट म्हणजे ज्या तापमानाला तेलाची इतकी वाफ होते की बाहेरून ठिणगी मिळाली तर ती पेट घेईल, ते तापमान. लिमोनीनचा तो 48 अंशांच्या आसपास आहे. हा आकडा बाटल्यांची वाहतूक आणि साठवण करणाऱ्यांच्या कामाचा. साबणाचं मिश्रण 48 अंशांच्या वर गेलं म्हणून आतलं तेल तिथल्या तिथे 'जळत' नाही. उष्णतेने उडण्याचा वेग वाढतो, आणि तो 40 अंशांवरही वाढतोच. शेजारी पेटता गॅस असेल तर मात्र या आकड्याकडे जरूर बघा.

"मग खरं लिंबू पिळलं तर?"

वासाचं तेल सालीत असतं, रसात नाही. रस घातला तर त्यातलं सायट्रिक आम्ल लायशी झुंजतं आणि तिला खाऊन टाकतं: एक ग्रॅम आम्ल सुमारे 0.62 ग्रॅम कॉस्टिक सोडा संपवतं. हिशेब न करता रस ओतला की साबण मऊ आणि तेलकट राहतो. हिशेब करून घातला तर सोडियम सायट्रेट तयार होतं, ज्यामुळे जड पाण्यात साबणाचा चिकट साका कमी बसतो. फायदा आहे, पण वासाचा नाही. किसलेली साल ठिपक्यांसाठी घाला हवं तर. ती थोड्याच दिवसांत तपकिरी पडते.

"कारखान्यातल्या साबणाचं लिंबू कसं टिकतं?"

तिथे साबण आधी पूर्ण तयार होतो, वाळवून त्याचे दाणे करतात आणि वास शेवटी मिसळून दाबून वड्या पाडतात. वासाला कच्च्या लायचं तोंड बघावंच लागत नाही. शिवाय अत्तरकारांकडे सिट्रालसारखा वास देणारी पण क्षारात न मोडणारी कृत्रिम रसायनं असतात, उदाहरणार्थ सिट्रोनेलिल नायट्राइल. तयार 'लेमन' सुगंधी तेलात अशी रसायनं असू शकतात. ज्याला फक्त वास हवा आहे त्याने ते वापरण्यात मला काही कमीपणा वाटत नाही.

"संत्र्याच्या तेलाने उन्हात त्वचा भाजते म्हणतात"

गोड संत्र्याच्या तेलाने नाही. दाबून काढलेल्या बर्गमॉट, लिंबू, ग्रेपफ्रूट आणि कडू संत्र्याच्या तेलांत फ्युरोकुमारिन नावाचे घटक असतात. ते त्वचेवर राहिले आणि ऊन लागलं तर त्वचा भाजल्यासारखी होते. सुगंध उद्योगाची 1973 साली स्थापन झालेली इफ्रा ही संस्था यासाठी मर्यादा ठरवते. अंगावर राहणाऱ्या क्रीम-तेलात दाबून काढलेलं बर्गमॉट 0.4 टक्क्यांपर्यंतच चालतं. धुऊन टाकायच्या साबणाला हे बंधन लागू नाही. तरी मनात शंका असेल तर फ्युरोकुमारिन काढलेलं बर्गमॉट मिळतं.

माझ्या मते खरी काळजी दुसरीच आहे. अर्धी रिकामी, वर्षभर उघडझाप झालेली संत्र्याच्या तेलाची बाटली. हवेने लिमोनीनचं ऑक्सिडीकरण होतं आणि तयार होणारी संयुगं त्वचेला ॲलर्जी जडवू शकतात. ताजं तेल निरुपद्रवी आणि जुनं त्रासदायक, असा हा प्रकार. म्हणूनच युरोपात धुऊन टाकायच्या उत्पादनात लिमोनीन, लिनालूल किंवा सिट्राल 0.01 टक्क्याहून जास्त असेल तर लेबलवर नाव छापावं लागतं. तेल छोट्या, काठोकाठ भरलेल्या गडद बाटल्यांत, फ्रिजमध्ये ठेवा. वास टर्पेंटाइनकडे झुकला की ते साबणात घालून 'संपवू' नका.

आपलंच नाक

वास गेला की नाही हे ज्याने साबण केला त्याला नीट कळत नाही. सहा आठवडे त्याच कपाटाशेजारी वावरलं की नाक त्या वासाची दखल घेणं सोडून देतं. त्यातून कोरडी वडी फार बोलत नाही, ओली झाली की बोलते. म्हणून मी दोन वड्या, एक नुसत्या संत्र्याची आणि एक वर दिलेल्या उजळ मिश्रणाची, न सांगता बेसिनवर ठेवल्या आणि भावाला हात धुवायला लावले. पहिली चोळून तो म्हणाला, "साधा साबण." दुसरी चोळली, हात नाकाशी नेले, पुन्हा नेले. "ही लिंबाची आहे," म्हणाला.

तिच्यात लिंबाच्या तेलाचा थेंबही नव्हता.